जिभेवरचं टोक

धाकटीला जिची किळस येत नाही अशी वस्तू शोधायला निघालात, तर एखादे वेळी उकळलेलं पाणी सापडेल, तेही तिनं स्वतः उकळलेलं असेल तर. बसमधल्या दांड्याला ती रुमालाशिवाय हात लावत नसे, आणि मग घरी येईपर्यंत तिला त्या रुमालाचीच शिसारी यायची. समोर बसून कुणी चहा फुरकला की हिच्या कपातला चहा गेलाच मोरीत. थोरली बहीण तिला चिडवायची, "तू जन्मलीस तेव्हा नर्सनं तुला नीट पुसलं नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही."

आणि असल्या मुलीनं काम कुठलं धरावं? तर लघुचित्रांचं. लॉकेटात मावेल एवढ्या चकतीवर माणसाचा अख्खा चेहरा काढायचा, भुवईच्या केसांसकट. दिसायला मोठं नाजूक काम. लोक भिंग लावून बघतात आणि 'अहाहा' म्हणतात. ते काम चालू असताना त्यांनी येऊन बघावं एकदा. ब्रश पाण्यात खळबळायचा आणि ओठांत धरून ओढायचा, की केस जुळून येतात आणि टोक सुईसारखं होतं. रंग लावला, की पुन्हा तेच. दिवसभर. तिच्या आत्यानं उभा जन्म हेच केलं होतं. तिच्या खालच्या ओठावर मधोमध एक खाच पडली होती आणि त्या खाचेत नेहमी कुठला तरी रंग असायचा. समोरच्या चित्रातल्या माणसानं निळा सदरा घातला असेल तर आत्याचा ओठ निळा.

धाकटी आत्याच्याच हाताखाली तयार झाली, पण ब्रश तिनं कधी तोंडाला लावला नाही. ती ओल्या फडक्यावर फिरवून टोक करायची. आत्याला ते बघवत नसे.

"फडक्याला काय कळतं गं?" ती म्हणायची. "एखादा केस वाकडा असला तर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. जिभेला बरोबर कळतो."

"जिभेला आणखी बरंच काही कळतं," धाकटी म्हणायची आणि तोंड फिरवायची.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. गल्ल्यावर थोरली, खिडकीपाशी दोन टेबलं, एक आत्याचं, एक धाकटीचं. केस, कॉलर, गळ्यातले मणी, पाठीमागचं आभाळ, हे सगळं आताशा धाकटीच काढायची. डोळे मात्र आत्या काढायची. लघुचित्रात डोळे म्हणजे सगळं काही. बाकी चेहरा कितीही जमू दे, डोळे चुकले तर गिऱ्हाईक म्हणतं, हे आमचे बाबा नव्हेत. म्हणून ज्यानं डोळे काढले त्याची सही चकतीच्या मागे, असा त्यांच्या दुकानाचा शिरस्ता होता. धाकटीनं एवढ्या माणसांचे केस विंचरून दिले, एवढ्यांच्या सदऱ्यांना बटणं लावली, पण एकाही चकतीमागे तिचं नाव नव्हतं. हे तिला फार लागायचं. आरशासमोर दात घासताना लागायचं, जेवताना लागायचं.

शेवटी एकदा तिनं तोंड उघडून विचारलं. आत्या रागावली नाही. तिनं एवढंच सांगितलं, "डोळ्यांचा ब्रश निवडून आण. मी तो परत पाठवला नाही, तर डोळे तुझे."

ऐकायला सोपं आहे. नवशिक्यांना वाटतं, बारीक काम म्हणजे बारीक ब्रश. तसं नसतं. चार केसांच्या ब्रशावर रंग टोकाला पोचेपर्यंत वाळून जातो. डोळ्यांच्या ब्रशाला भरलेलं पोट हवं, म्हणजे रंग टिकतो, आणि त्या पोटाखाली एकाच केसाचं टोक हवं. दाबला की वाकला पाहिजे आणि उचलला की उसळी मारून सरळ झाला पाहिजे. एका पेटीत एकाच नंबरचे ढीगभर ब्रश असतात, एकाच कारखान्यातले, आणि त्यांतला एखादाच असा निघतो. बाकीचे पापण्या काढायला बसलं की ऐन वेळी दुभंगतात आणि एकीच्या दोन पापण्या करून ठेवतात.

धाकटी ब्रश आणत राहिली आणि आत्या ते परत पाठवत राहिली. दर वेळी तेच. ब्रश ओठांत घ्यायची, कपाळाला आठी घालायची आणि म्हणायची, "केस उभा आहे. परत दे." धाकटी भिंगाखाली धरून बघायची तर केस उभा नाही न् आडवा नाही. हळूहळू तिच्या डोक्यात पक्कं बसलं, की आत्याला डोळे सोडायचेच नाहीत. म्हातारी माणसं अशीच असतात, किल्ली द्यायची म्हणतात आणि मूठ उघडत नाहीत. किंवा मग दुसरं कारण असेल. आत्याला ठाऊक असेल, की ही ब्रश तोंडात न घालता निवडते, आणि तेवढ्यासाठीच ती अडवून बसली असेल.

आता टेबलावर जुळ्या बहिणींची दोन चित्रं पडून होती. गोल गाल, कुरळे केस, लेसच्या कॉलरी, सगळं झालेलं, फक्त डोळ्यांच्या जागी पांढऱ्या खाचा. आत्याचा जुना ब्रश झिजून बोथट झाला होता आणि त्या मुलींची आजी चित्रं न्यायला एक-दोन दिवसांत येणार होती. त्या सकाळी धाकटीनं ठरवलं, की होऊन जाऊ दे. आज ब्रश जिभेनंच निवडायचा, मग बघू आत्या काय कारण काढते ते.

रंगसाहित्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानदाराचं खरं नाव काहीही असो, धाकटी त्याला मनातल्या मनात खाकरे म्हणायची, कारण प्रत्येक वाक्याआधी तो घशातून काहीतरी वर आणायचा आणि वाक्य संपलं की ते गिळायचा. त्याच्या काउंटरवर एक काचेची बरणी होती, त्यात केस वर करून ब्रश उभे. बरणीशेजारी पाण्याचा पेला. गिऱ्हाइकानं ब्रश भिजवून बघावा म्हणून ठेवलेला तो पेला शेवटचा कधी धुतला होता ते खाकऱ्यालाही आठवलं नसतं. पाण्याचा रंग गटारासारखा आणि वर एक चिलट तरंगत होतं.

धाकटीच्या पुढे शिपाईवाला उभा होता. हा शिशाचे खेळण्यातले शिपाई रंगवतो, म्हणून ते नाव. त्याला सर्दी झाली होती. साधीसुधी नाही, भरगच्च. त्यानं बरणीतून ब्रश काढला, मिशांच्या खालून आत सारला, चोखून बाहेर काढला, उजेडात धरला, नाक ओढलं आणि ब्रश परत बरणीत ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक ब्रशाचं टोक ओलं चकचकीत होऊन बरणीत परत जाऊन उभं राहत होतं. धाकटी बघत होती. नजर काढून घ्यावीशी वाटत होती आणि निघत नव्हती. शेवटी त्यानं एक ब्रश घेतला, बाकीच्यांकडे पाहून एक शिंक दिली आणि तो गेला.

"या ताई," खाकरे खाकरला. "काय देऊ?"

"डोळ्यांसाठी हवाय. न उघडलेल्या पुडक्यातला."

"अहो, नवं काय न् जुनं काय, माल तोच. हा घ्या, हा आत्ताच मी स्वतः बघितलाय." त्यानं बरणीतून एक ब्रश उचलला आणि तिच्यादेखत पुन्हा एकदा तोंडातून फिरवून पुढे केला. दांड्यावर लाल रंगाचा एक ठिपका होता. तो धाकटीनंच पाडला होता, गेल्या आठवड्यात, परत देण्याआधी. म्हणजे आत्याच्या तोंडातून आलेला ब्रश बरणीत, बरणीतून कुणाकुणाच्या तोंडात, आणि आता पुन्हा तिच्याकडे. गावातली सगळी चित्रकार मंडळी एकाच ताटात जेवत होती म्हणायची.

"पुडकं फोडा," ती म्हणाली.

खाकऱ्यानं कपाटातून पुडकं काढलं आणि दातांनी फाडलं.

"तुमच्या आत्यांचं हल्ली काही खरं नाही हं," तो कागदाचा कपटा थुंकत म्हणाला. "पूर्वी यायच्या, दोन तोंडात घातले की तिसरा घेऊन निघायच्या. काय पारख होती! परवा आल्या, अख्खी बरणी चाखली आणि हात हलवत परत गेल्या. म्हणे एकही धड नाही. माझा माल बिघडला की काय, म्हणून मीसुद्धा एकेक चाखून बघितला."

"कळलं," धाकटी घाईघाईनं म्हणाली.

ब्रश घेऊन ती दाराजवळच्या उजेडात गेली. नव्या ब्रशाचे केस गोंद लावून ताठ केलेले असतात, वाटेत मोडू नयेत म्हणून. हा गोंद आधी विरघळवावा लागतो, आणि त्या पेल्यात ब्रश बुडवण्यापेक्षा तिनं जीव दिला असता. तिनं डोळे मिटले आणि ब्रश तोंडात घातला. आधी काहीच कळलं नाही, मग गोंद सुटायला लागला. शिळ्या भाताच्या पेजेसारखी चिकट, किंचित आंबट अशी चव जिभेवर पसरली, तिच्यामागून कुठल्याशा जनावराच्या ओल्या अंगाचा वास आला. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. हे केस कुठल्या तरी प्राण्याच्या शेपटीचे होते, तो प्राणी कुठून कुठून हिंडला असेल, हा विचार तिला नेमका तेव्हाच सुचला.

पण तिनं ब्रश ओठांतून ओढला, जसा आत्या ओढायची तसा, आणि टोक जिभेवर टेकवलं. टेकवलं मात्र, आणि एका बाजूला काहीतरी बारीकसं खुपलं. अगदी एवढंसं. तिनं भिंग काढून बघितलं. भिंगात नीट दिसेना, पण त्याच ओल्या ब्रशानं नखावर रेघ ओढली तर ती शेवटाला दुभंगली. आत्या म्हणत होती ते खरं होतं. जिभेला कळतं. धाकटीला त्याचा इतका अचंबा वाटला, की दुसरा ब्रश तिनं डोळे न मिटताच तोंडात घातला. तोही खुपला. तिसरा खुपला नाही, पण त्याला उसळी नव्हती. असे किती झाले कुणास ठाऊक, आणि मग एक ब्रश जिभेवर आला तो आल्याचं कळलंच नाही. नुसता गार स्पर्श, आणि तोही एकाच बिंदूत. तिनं नखावर पापणी काढली. एकच पापणी उमटली, शेवटाला निमुळती होत होत नाहीशी झालेली.

ब्रश रुमालात गुंडाळून ती घरी आली, आणि वाटेत गोंदाचा वास येत होता तरी एकदाही थुंकली नाही. दुकानात पाऊल टाकलं तेव्हा आत्या कोमट दूध पीत बसली होती, ओठांच्या एका कडेनं, घोट घोट. हल्ली तिला गरम काही चालत नसे. धाकटीनं ब्रश तिच्यापुढे ठेवला.

आत्यानं दूध बाजूला सारलं. ब्रश पाण्यात बुडवला, ओठांतून काढला, जिभेवर टेकवला. कपाळाला आठी पडली.

"केस उभे आहेत," ती म्हणाली. "एक नाही, दोन. परत दे."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बास झालं हं आत्या! सरळ सांग ना, डोळे द्यायचे नाहीत म्हणून. रोज रोज हे नाटक कशाला?"

"मी कशाला नाटक करू? मला टोचतात ते मी सांगते."

"काही टोचत नाही. मी स्वतः तोंडात घालून बघितलाय."

गल्ल्यावरून थोरली ओरडली, "काय? कुणी? तू?"

"हो, मी! त्या घाणेरड्या दुकानात, त्या घाणेरड्या माणसासमोर, पुडकंभर ब्रश चोखले मी, एकेक करून! ओकारी येईपर्यंत! आणि हा त्यातला एकच धड निघाला."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पुन्हा ब्रश ओठांत घेतला, या वेळी सावकाश, जणू आपलीच चूक शोधत असल्यासारखी. टोक जिभेला लागलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"टोचतो गं," ती म्हणाली. "खोटं का सांगू? स्पष्ट टोचतो."

धाकटीनं तिच्या हातातून ब्रश हिसकावला. आत्याच्या लाळेनं ओला, केसांच्या मुळाशी दुधाचा पांढरा अंश चिकटलेला तो ब्रश तिनं रागाच्या भरात तसाच स्वतःच्या तोंडात घातला. टोक गुळगुळीत होतं. एकाच बिंदूचं. खुपण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

आणि मग तिला चव लागली.

दुधाची नव्हती, गोंदाची नव्हती. गंजलेल्या खिळ्याची आणि सडलेल्या मांसाची मिळून एक चव. ती तिच्या ओळखीची होती, कारण हाच वास गेले कित्येक दिवस आत्या बोलायला लागली की यायचा. म्हातारपणी तोंडाला वास येतोच, असं धरून चालून धाकटीनं आपलं टेबल हळूहळू खिडकीकडे सरकवलं होतं. आत्या काही दाखवायला वाकली की ती श्वास रोखून धरायची. त्या वासाचं काही कारण असेल, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

"आत्या, आ कर."

"काय?"

"तोंड उघड म्हणते ना."

"वेडी झालीस का? दात लागतो जरा कडेला, बाकी काही नाही. उष्णतेनं येतं कधी कधी."

धाकटीनं ब्रश टेबलावर टाकला आणि तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. आत्यानं तोंड उघडलं आणि वासाचा एक भपकारा आला. ज्या मुलीला बसचा दांडा धरवत नव्हता तिनं दोन बोटांनी आत्याची जीभ धरून बाहेर ओढली, उघड्या बोटांनी, फडकं न घेता. जीभ निसटत होती, लाळ मनगटावर ओघळत होती. टोकाच्या अलीकडे, कडेला, जिथे ब्रश टेकतो नेमकं तिथेच, एक खळगा पडला होता. आत लालभडक, ओला. कडा पांढऱ्या, फुगलेल्या, दगडासारख्या कडक. तिनं त्या कडेवर अलगद बोट ठेवलं तर आत्या कळवळली.

"कधीपासून आहे हे?"

"उन्हाळा लागला तेव्हापासून असेल. जाईल की आपोआप."

"आत्या, केस उभा नव्हता. तू टोक नेमकं या जखमेवर टेकवत होतीस."

आत्यानं टेबलावरचा तो ब्रश उचलला आणि भिंगाखाली धरला. डोळ्याला काय दिसतं, असं उभा जन्म म्हणणारी आत्या भिंगातून बघत राहिली, फार वेळ. सगळा दोष तिनं कारखान्यावर ढकलला होता, खाकऱ्यावर ढकलला होता, भाचीवर ढकलला होता. जिभेवर सोडून सगळ्यांवर. कारण जीभ तिच्या लेखी कधी चुकत नसे.

"म्हणजे ते सगळेच चांगले होते?" तिनं विचारलं. "तू आणलेले सगळे?"

"सगळे नाही. पण बरेच असतील."

तोवर थोरली उठून आली होती. तिनं एकदा आत वाकून बघितलं आणि तिचा नेहमीचा थट्टेखोर चेहरा खर्रकन उतरला. ती मुकाट्यानं चपला शोधायला लागली. "डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली. "आत्ता. उद्या नाही."

आत्यानं मान डोलावली. मग तिनं जुळ्या बहिणींच्या त्या दोन चकत्या उचलल्या, धाकटीच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी नवा ब्रश ठेवला.

"घे," ती म्हणाली. "डोळे तू काढ. यांचे आणि यापुढे सगळ्यांचे. मागे नावही तुझंच घाल."

आणि धाकटीला आनंद झाला.

थोडाथोडका नाही, उडी मारावी असा. आत्याची लाळ बोटांवर अजून ओली होती, तो वास नाकातून गेला नव्हता, त्या खळग्याचं नाव काय असेल हे तिला न सांगता कळलं होतं, आणि तरीही तिच्या छातीत काहीतरी लख्ख उजळलं आणि म्हणालं, मिळाले, डोळे मिळाले. हे तिच्या आतून आलं. कुणी बाहेरून आणून घातलं नव्हतं. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची अशी शिसारी आली, की शिपाईवाल्याची शिंक, तो पेला, त्यातलं चिलट, सगळं त्यापुढे स्वच्छ वाटावं. ती तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली आणि भडभडून ओकली.

मागून थोरली म्हणाली, "बघितलंस? हिला नाही सहन होत असलं काही. कशाला बोट घालायचं मग हिनं?"

आत्या हळूहळू चालत मोरीपाशी आली. अंतर ठेवून उभी राहिली, वास जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरून, आणि दुसरा हात धाकटीच्या पाठीवरून फिरवू लागली.

"असू दे गं," ती रुमालाआडून म्हणाली. "तिचा काय दोष? माझं तोंडच झालंय तसं."

धाकटीनं नळ मोठा सोडला आणि ती चूळ भरत राहिली, पुन्हा पुन्हा, कारण तोंड मोकळं ठेवलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.